वाचकांचे प्रश्न : क्रम, तुलना आणि सॉर्टिंग

या वेळी आलेल्या प्रश्नांत गणिताचे विद्यार्थी आहेत, बॅकएंडवर काम करणारे आहेत आणि मराठी नावांची यादी नीट लागत नाही म्हणून वैतागलेलेही आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. दोन वस्तूंची तुलना होत नाही आणि दोन वस्तू समान आहेत, या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या एक मानल्या की प्रोग्राम कधी चुकीचे उत्तर देतो, कधी कोसळतो.

प्रश्न : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंशिक क्रमाची व्याख्या पाठ आहे, पण मॅक्सिमल आणि मॅक्सिमम यांत दर वेळी गोंधळ होतो. याचा प्रोग्रामिंगमध्ये खरोखर कुठे उपयोग होतो का? (विद्यार्थिनी, सांगली)

१ ते १२ या संख्या घ्या आणि ‘अ ने ब ला निःशेष भाग जातो’ हा संबंध घ्या. प्रत्येक संख्येने स्वतःला भाग जातो. अ ने ब ला आणि ब ने अ ला जात असेल, तर दोन्ही एकच. अ ने ब ला आणि ब ने क ला जात असेल, तर अ ने क ला जातो. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या, म्हणजे हा आंशिक क्रम. पूर्ण क्रम मात्र नाही, कारण ८ ने १२ ला भाग जात नाही आणि १२ ने ८ ला जात नाही. त्यांची तुलनाच होत नाही.

आता वरचे टोक पाहा. ज्याच्या वर काहीच नाही तो घटक मॅक्सिमल. ७ ची पुढची पट १४ आणि ती संचाबाहेर, म्हणून ७ मॅक्सिमल. त्याच कारणाने ८, ९, १०, ११ आणि १२ सुद्धा. असे सहा मॅक्सिमल घटक आहेत, पण मॅक्सिमम एकही नाही, कारण मॅक्सिममला बाकी सगळे आपल्याखाली असावे लागतात आणि १ ते १२ मधल्या प्रत्येक संख्येने ज्याला भाग जाईल असे या संचात काही नाही. खालच्या टोकाला १ हा मिनिमम आहे. तो काढून टाकला की २, ३, ५, ७, ११ हे पाच मिनिमल उरतात आणि मिनिमम नाहीसा होतो. परीक्षेत एक सापळा हमखास येतो. सांत संचात मॅक्सिमल घटक एकच असेल, तर तोच मॅक्सिमम असतो. अनंत संचात तसे नाही. सगळे पूर्णांक नेहमीच्या क्रमात घ्या आणि कुणाशीच तुलना न होणारा एक घटक बाजूला ठेवा. तो एकमेव मॅक्सिमल ठरेल, पण मॅक्सिमम नसेल.

उपयोगाचे उदाहरण गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल ‘कमिट’ या नोंदींच्या रूपात साठवणाऱ्या साधनात, आहे. ‘हा कमिट त्या कमिटचा पूर्वज आहे’ हा आंशिक क्रमच आहे. दोन शाखा मर्ज करताना गिट त्यांच्या समाईक पूर्वजांमधला सर्वांत अलीकडचा शोधते, म्हणजे समाईक पूर्वजांच्या संचाचा मॅक्सिमल घटक. दोन शाखांनी एकमेकींना आडवेतिडवे मर्ज केलेले असेल, तर असे घटक दोन किंवा अधिक निघू शकतात. ‘गिट मर्ज-बेस’ला सगळे दाखवण्याचा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे. मॅक्सिमल म्हणजेच मॅक्सिमम असे समजून स्क्रिप्ट लिहिणारा नेमका इथे फसतो.

प्रश्न : आमच्या जावा प्रणालीत सॉर्ट करताना अधूनमधून ‘कंपॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’ असा एक्सेप्शन येतो. टेस्टमध्ये कधीच येत नाही, प्रत्यक्ष वापरातच येतो. डेटा खराब आहे असे समजायचे का? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

डेटा बहुधा ठीक आहे, कंपॅरेटर, म्हणजे दोन वस्तूंची तुलना करणारा तुमचा कोड, चुकला आहे. २०११ च्या जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या सॉर्टिंगसाठी टिमसॉर्ट वापरले जाते. त्याआधीची मर्ज सॉर्ट विसंगत कंपॅरेटर मुकाट्याने सहन करून चुकीचा क्रम परत द्यायची. टिमसॉर्टला मर्ज करताना विसंगती आढळली, तर ते तक्रार करते. आढळली तरच, हे महत्त्वाचे. शिवाय ३२ पेक्षा कमी घटक असतील, तर टिमसॉर्ट मर्ज करतच नाही, बायनरी इन्सर्शन सॉर्टवर काम भागवते. तुमच्या टेस्टमध्ये दहा-वीस नोंदी असतील, म्हणूनच तिथे काही दिसत नाही.

नेहमी सापडणाऱ्या चुका अशा.

वजाबाकी करून तुलना. ‘अ वजा ब’ हे उत्तर परत देणे सोपे वाटते, पण ३२ बिटांत −२००००००००० वजा २०००००००००, म्हणजे −४०००००००००, मावत नाही. गुंडाळून २९४९६७२९६ मिळते आणि ते धन आहे. आता −२ अब्ज हे ० पेक्षा लहान, ० हे २ अब्जांपेक्षा लहान, पण −२ अब्ज हे २ अब्जांपेक्षा मोठे, असे चक्र तयार होते. यावर उपाय ‘इंटिजर.कंपेअर’, दुसरे काही नाही.

समानता विसरणे. ‘अ मोठा असेल तर १, नाहीतर −१’ असे लिहिले की समान किमतींना दोन्ही बाजूंनी −१ मिळतो. म्हणजे अ हा ब पेक्षा लहान आणि ब हा अ पेक्षा लहान.

नलला (किंमतच नसल्याच्या खुणेला) सगळ्यांच्या बरोबरीचे मानणे. ५ आणि नल समान, नल आणि ३ समान, पण ५ हे ३ पेक्षा मोठे. ‘काही माहीत नाही’ याला ‘सारखेच आहे’ असे उत्तर दिले, की संक्रामकता (अ-ब समान आणि ब-क समान, तर अ-क समान) मोडते. नल कायम शेवटी किंवा कायम सुरुवातीला ठेवा. ‘नल्स लास्ट’ ही तयार सोय आहे.

चौथी चूक जास्त फसवी. फरक ०.५ पेक्षा कमी असेल तर समान धरायचे, असा नियम वजनांसाठी किंवा अंतरांसाठी बरेच जण लिहितात. १०.०, १०.४ आणि १०.८ घ्या. पहिली दोन समान, शेवटची दोन समान, पण १०.० आणि १०.८ वेगळी. अशा ‘जवळपास समान’ संबंधावर सॉर्टिंग उभे राहूच शकत नाही. आधी प्रत्येक किंमत ठरलेल्या गटात बसवा, उदाहरणार्थ जवळच्या पूर्णांकापर्यंत, आणि मग गटांची तुलना करा. त्यात १०.४९ आणि १०.५१ वेगळ्या गटांत जातील. तेवढे पत्करावे लागते.

याशिवाय सॉर्ट चालू असताना दुसऱ्या थ्रेडने किंमत बदलणे किंवा कंपॅरेटरमध्ये चालू वेळ वाचणे, हेही पाहा.

शोधण्याची रीत : कंपॅरेटर वेगळा काढा. साधारण ५० किमती निवडा, त्यांत ०, −१, सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान पूर्ण संख्या, नल, रिकामी स्ट्रिंग आणि काही जुळ्या किमती असू द्या. त्रिकुटे १२५००० होतात, संगणकाला ते किरकोळ काम आहे. प्रत्येक त्रिकुटासाठी तीन गोष्टी तपासा. अ-ब चे चिन्ह ब-अ च्या उलट आहे का? अ > ब आणि ब > क असताना अ > क येते का? आणि अ-ब शून्य असेल, तर क शी तुलना करताना दोघांचे चिन्ह एकच येते का? तिसरी तपासणी लोक वगळतात, आणि नल व ०.५ या दोन्ही चुका तिथेच पकडल्या जातात.

जुनी मर्ज सॉर्ट परत चालू करणारी सिस्टीम प्रॉपर्टी इंटरनेटवर सुचवलेली दिसेल. ती वापरू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक्सेप्शन जाईल, चुकीचा क्रम राहील.

प्रश्न : सी++ मध्ये ‘<’ ऐवजी ‘<=’ लिहिले तर प्रोग्राम क्रॅश होतो, असे सीनियरने सांगितले. समान घटक पुढे-मागे झाले तर क्रॅश का व्हावा? (प्रशिक्षणार्थी, नागपूर)

स्टँडर्ड लायब्ररीची सॉर्ट तुमच्या तुलनेवर पूर्ण भरवसा ठेवते. जीसीसीच्या लायब्ररीत १६ पेक्षा जास्त घटक असतील तर एक पिव्हट, म्हणजे तुलनेसाठीचा घटक, निवडून विभाजन होते. त्यातला आतला लूप ‘हा घटक पिव्हटपेक्षा लहान आहे तोवर पुढे जा’ एवढेच पाहतो. ॲरे संपला का, हे तो पाहत नाही, कारण पिव्हटपेक्षा लहान नसलेला घटक वाटेत भेटणारच, याची हमी व्याख्येतून मिळालेली असते. ‘<=’ दिले आणि सगळे घटक समान असले, तर अट कधी खोटी होत नाही. पॉइंटर ॲरेच्या बाहेर जातो आणि परक्या मेमरीत वाचत सुटतो. १६ किंवा कमी घटकांत तो लूप चालतच नाही, म्हणून छोट्या उदाहरणात सगळे ठीक दिसते.

‘सेट’मध्ये क्रॅश होत नाही, पण नुकसान होते. तिथे ‘अ < ब नाही आणि ब < अ नाही’ म्हणजे समान, असे धरतात. ‘<=’ दिले की ५ हा ५ च्या बरोबरीचा ठरत नाही. मग ५ दोनदा साठवला जातो, आणि शोधला तर सापडत नाही.

याहून वारंवार होणारी चूक दोन फील्डची. (क्ष, य) जोड्यांसाठी ‘क्ष लहान आणि य पण लहान’ असे लिहिले तर तो काटेकोर आंशिक क्रम असतो, पण सॉर्टला तेवढे पुरत नाही. (१,१) आणि (०,३) यांची तुलना होत नाही. (०,३) आणि (२,२) यांचीही होत नाही. पण (१,१) हे (२,२) पेक्षा लहान आहे. लायब्ररी तुलना न होणाऱ्यांना समान मानते. म्हणून (०,३) आधीच ‘सेट’मध्ये असेल, तर नंतर आलेला (१,१) जुळा समजून टाकून दिला जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही. आधी क्ष ची तुलना करा, तो समान असेल तरच य कडे वळा. ‘टाय’ वापरले तर हे एका ओळीत होते.

सी++२० ने हा फरक टाइपमध्येच आणला आहे. नवा तीनमार्गी ऑपरेटर स्ट्राँग, वीक किंवा पार्शल यांपैकी कोणता क्रम आहे ते सांगतो. फ्लोटिंग पॉइंट संख्यांना तो पार्शल देतो, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : पायथनमध्ये सेन्सरच्या नोंदी सॉर्ट केल्या तर क्रम लागत नाही. एरर काहीच येत नाही. यादीत काही ‘नॅन’ आहेत. (प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

कारण तुम्हीच लिहिले आहे. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार नॅनची (‘संख्या नाही’ या खास किमतीची) कुणाशीही, अगदी स्वतःशीही, केलेली ‘<’, ‘>’ किंवा ‘=’ ही तुलना खोटी ठरते. पायथनला ३, नॅन, १ ही यादी सॉर्ट करायला द्या. ती जशीच्या तशी परत येते. ‘नॅन ३ पेक्षा लहान आहे का?’ नाही. ‘१ नॅनपेक्षा लहान आहे का?’ नाही. म्हणजे यादी आधीच चढत्या क्रमाने आहे, असा निष्कर्ष पायथन काढते. ३ आणि १ यांची समोरासमोर तुलना कधी होतच नाही. ‘मॅक्स’चेही तसेच. नॅन आधी आला तर उत्तर नॅन, १ आधी आला तर उत्तर १.

नॅन आधी वेगळे काढा, त्यांची संख्या नोंदवा आणि मग सॉर्ट करा. नमपाय आणि पांडाज नॅनला शेवटी ठेवतात, त्यामुळे तिथे क्रम बिघडत नाही. पोस्टग्रेस नॅनला इतर सर्व संख्यांपेक्षा मोठे आणि एकमेकांशी समान मानते. जावाची ‘डबल.कंपेअर’ही त्याला सर्वांत मोठे मानते आणि −०.० ला ०.० च्या आधी ठेवते. रस्टने घेतलेला निर्णय आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. तिथे फ्लोटिंग पॉइंटला पूर्ण क्रम दिलेलाच नाही, त्यामुळे साधी सॉर्ट कंपाइलच होत नाही. २०२२ पासून ‘टोटल_सीएमपी’ उपलब्ध आहे. मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत सांगितलेला पूर्ण क्रम तो वापरतो.

प्रश्न : सभासदांची यादी मराठी वर्णक्रमाने हवी आहे. ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतात, ‘क्षीरसागर’ क मध्ये जातात आणि ‘ॲड.’ लावलेली सगळी नावे तळाला. डेटाबेस मराठी जाणत नाही का? (सोसायटीचे काम पाहणारे वाचक, डोंबिवली)

डेटाबेस सध्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक पाहतो आहे. हेक्साडेसिमलमध्ये ल ०९३२, ळ ०९३३, व ०९३५, ह ०९३९. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो, इथे तो व च्याही आधी आला, म्हणून काळे वर सरकले. क्ष हे स्वतंत्र अक्षर नाही, ते क, हलन्त आणि ष मिळून साठवले जाते. हलन्ताचा क्रमांक ०९४D, म्हणजे ‘कौ’तल्या मात्रेच्याही नंतरचा, म्हणून ‘क्षीरसागर’ हे ‘कौ’ने सुरू होणाऱ्या नावांनंतर, पण ‘ख’च्या आधी येते. ॲ चा क्रमांक ०९७२, म्हणजे ह च्याही पुढे. त्यामुळे वकील मंडळी होनरावांच्याही खाली गेली.

क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवायचे की क आणि ज मध्ये, हे आधी ठरवा, कारण दोन्ही पद्धती वापरात आहेत. मग मराठी लोकेलचा कोलेटर, म्हणजे त्या भाषेच्या नियमांनी तुलना करणारी सोय, वापरा. जावात ‘कोलेटर’, जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल.कोलेटर’, पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू कोलेशन. पंधरा-वीस अवघड नावांची एक चाचणी यादी करून निकाल डोळ्यांनी तपासा. ‘ॲड.’, ‘डॉ.’, ‘श्री.’ यांना वेगळा कॉलम द्या. त्यांच्यावरून क्रम लावण्यात अर्थ नाही. फ्लॅट क्रमांक स्ट्रिंग असतील तर १० हे २ च्या आधी येईल, तेही संख्येत बदलून घ्या.

‘ऱ्य’कडे विशेष लक्ष द्या. ‘ऱ’ एकाच क्रमांकाने किंवा र आणि नुक्ता मिळून लिहिता येतो. हे दोन युनिकोडनुसार समतुल्य आहेत आणि एनएफसी (युनिकोडचे एक प्रमाण रूप) केल्यावर एकरूप होतात. र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर ही तिसरी पद्धत मात्र एनएफसीने बदलत नाही. ती तुम्हालाच बदलून घ्यावी लागेल, नाहीतर पडद्यावर अगदी सारखी दिसणारी दोन नावे वेगवेगळ्या जागी जातील.

आणखी एक धोका. इंडेक्स हा डिस्कवर साठवलेला क्रमच असतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना कोलेशनचे नियम बदलले, तर जुना इंडेक्स नव्या नियमांशी जुळत नाही आणि असलेली नोंद शोधल्यावर मिळत नाही. २०१८ च्या जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मध्ये नियम बदलले, तेव्हा अनेक पोस्टग्रेस डेटाबेसचे इंडेक्स नव्याने बांधावे लागले. सर्व्हर अपग्रेड केल्यावर मजकुराच्या कॉलमवर रीइंडेक्स चालवा.

प्रश्न : परस्परांवर अवलंबून असलेल्या टेबलांत डेटा कोणत्या क्रमाने भरावा? दर वेळी स्क्रिप्ट वेगळा क्रम काढते. (डेटा अभियंता, पणजी)

टोपॉलॉजिकल सॉर्ट, म्हणजे ज्यावर अवलंबून ते आधी असा क्रम लावणे, वापरता आहात, आणि तिची अनेक बरोबर उत्तरे असतात. ग्राहक, उत्पादन, ऑर्डर, ऑर्डरची ओळ आणि पावती अशी पाच टेबले घ्या. ऑर्डरला ग्राहक हवा, ओळीला ऑर्डर आणि उत्पादन, पावतीला ऑर्डर. एकूण १२० क्रमांपैकी ७ चालतात. कान यांच्या १९६२ च्या रीतीत प्रत्येक टेबलाची बाकी असलेली अवलंबने मोजायची, शून्य असलेली रांगेत घालायची, रांगेतून एक काढले की त्यावर अवलंबून असलेल्यांचा आकडा एकने कमी करायचा. साध्या रांगेऐवजी नावानुसार मिन-हीप (दर वेळी सर्वांत आधीचे नाव काढून देणारी रचना) वापरा, म्हणजे दर वेळी तोच क्रम येईल. पायथन ३.९ पासून ‘ग्राफलिब’मध्ये टोपॉलॉजिकल सॉर्टची सोय तयार आहे.

रांग रिकामी झाली आणि टेबले उरली, तर चक्र आहे. उरलेल्यांपैकी कोणत्याही टेबलावरून ‘हे उरलेल्यांपैकी कशावर अवलंबून?’ असे मागे जात राहा, एखादे नाव दुसऱ्यांदा आले की चक्र सापडले. त्यातली एक फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम) रिकामी ठेवून भरा आणि नंतर अपडेट करा. डेटा पुसताना हाच क्रम उलटा.

एकाच वेळी भरायचे असेल तर दोन प्रमेये थेट कामाला येतात. सर्वांत लांब साखळी ग्राहक, ऑर्डर, ओळ अशी तीनची आहे, म्हणून किमान तीन फेऱ्या लागतात आणि तेवढ्या पुरतात. हे मिर्स्की यांचे १९७१ चे प्रमेय. परस्पर तुलना न होणारी टेबले एका वेळी जास्तीत जास्त दोन, म्हणून दोन साखळ्यांत सगळे बसते : ग्राहक, ऑर्डर, पावती ही एक आणि उत्पादन, ओळ ही दुसरी. हे डिल्वर्थ यांचे १९५० चे. दोनपेक्षा जास्त वर्कर ठेवून इथे वेळ वाचणार नाही.

प्रश्न : संमिश्र संख्यांना क्रम देता येत नाही म्हणतात, पण नमपाय त्या सॉर्ट करते. हे कसे? (बारावीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

क्रम देता येतो. बेरीज-गुणाकाराशी जुळणारा देता येत नाही. तसा क्रम आहे असे समजा. i शून्य नाही, म्हणून i किंवा −i धन. धन संख्येचा वर्ग धन, आणि दोघांचाही वर्ग −१, म्हणून −१ धन. १ हा १ चा वर्ग, म्हणून तोही धन. दोन धन संख्यांची बेरीज धन असायला हवी, पण इथे ती शून्य येते. नमपाय आधी वास्तव भाग पाहते आणि तो समान असेल तर काल्पनिक भाग. हा पूर्ण क्रम आहे, फक्त असमानतेच्या दोन्ही बाजूंना त्या क्रमातल्या ‘धन’ संख्येने गुणण्याचा नियम त्यात चालत नाही. साधे पायथन मात्र अशी तुलना नाकारते आणि टाइप एरर देते.